पश्चिमेची बाल्कनी

दोन वर्षं झाली, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर सोडून मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिसरा मजला. हॉलला लागून अकरा फूट लांब आणि चार फूट रुंद बाल्कनी, तोंड थेट पश्चिमेला. महालातल्या घराला मागे छोटं अंगण होतं. त्यात गोडनिंब म्हणजे कढीपत्ता होता, जामाचं म्हणजे पेरूचं झाड होतं, तुळस होती. इथे यायचं ठरलं तेव्हाच मी मनात घेतलं होतं की अंगण नाही तर नाही, बाल्कनीत बाग करायची.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांचं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. सामान अजून खोक्यांतच होतं, तेव्हा त्या सरळ बाल्कनीत गेल्या. दुपारचे चार वाजले होते. चप्पल काढून त्यांनी फरशीवर पाय टेकवला आणि लगेच उचलला.

"अवं, हा तर तवा आहे. इथं काय लावून राहिली तू?"

मी तेव्हा हसून सोडून दिलं. ते सोडायला नको होतं, कारण पुढच्या दोन महिन्यांत जे काही झालं ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

एप्रिलच्या पहिल्याच शनिवारी मी नर्सरीत गेले. संत्र्याचं कलम, दोन गुलाब, मोगरा, सहा टोमॅटोची रोपं, पेटुनिया, पुदिना, तुळस, कोरफड आणि चौदा काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या घेतल्या. नर्सरीवाला म्हणाला, "काही नाही होत ताई, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी देत जा." मोबाईलवर बघितलेल्या व्हिडिओंमध्येही मार्च-एप्रिल हा लावणीचा काळ म्हणूनच सांगत होते. ते कुठल्या गावचे व्हिडिओ आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नागपुरात एप्रिल संपता संपता पारा ४३-४४ वर जातो आणि मेमध्ये ४५ च्या पुढे गेला तरी कोणी दचकत नाही. त्या हवेत नवं रोप लावायचं म्हणजे त्याला मुळं धरायला वेळच द्यायचा नाही.

माती आणली ती जवळच एका प्लॉटवर पायव्याचं खोदकाम चालू होतं तिथून. दोन पोती, चांगली काळीभोर. शेतात सोनं पिकवणारी माती कुंडीत वाईट कशी असेल, असं मला वाटलं.

टोमॅटो आधी गेले. मी खरोखर रोज दोन वेळा पाणी देत होते, खालच्या भोकातून पाणी बाहेर आलेलं दिसेपर्यंत. तरीही दुपारी पानं लटकायची आणि संध्याकाळीही उठायची नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एक वाळलेलं रोप मी कुंडीसकट उलटं केलं. मातीचा गोळा विटेसारखा अख्खा बाहेर आला. बाहेरून ओला, चकचकीत. बत्त्याने फोडला तर आत मध्यभागी भुरभुरीत कोरडी माती, आणि तिथे मुळांचे पांढरे धागे जागच्या जागी वाळून गेलेले. आई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन दाखवला: काळी माती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते. शेतात त्याच मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. कुंडीत ती भेग कडेने पडते, आणि वरून ओतलेलं सगळं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. मी रोज बघत होते ते भोकातून येणारं पाणी झाडाला मिळालेलंच नव्हतं.

मग ते पाणी गेलं कुठे, तेही लवकरच कळलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बाल्कनीत मुगवड्या वाळत घातल्या होत्या. त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताटच होतं.

"ताई, वरून गढूळ पाणी येऊन राहिलं. माया सगळ्या वड्या गेल्या पहा."

पिवळ्याधमक वड्यांवर काळ्या पाण्याचे ओघळ होते. दोन किलो डाळ भिजवून, वाटून, एकेक वडी हाताने घातलेली. मला इतकं वाईट वाटलं की काय बोलावं ते सुचेना. आईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "उद्या आम्ही दोघी येतो जी, सोबत घालून देऊ." आणि खरंच आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन वड्या घालून दिल्या. त्याच दिवशी प्रत्येक कुंडीखाली ताटली आली. बाल्कनीत बाग करणाऱ्याने रोपाच्या आधी ताटली विकत घ्यावी, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

दुसरी चूक कूलरची. नागपुरात उन्हाळ्यात बाल्कनीवर पहिला हक्क कूलरचा असतो, तसा आमच्याकडेही होता. आठ-दहा दिवसांनी त्याची टाकी रिकामी करायची तेव्हा वीस-पंचवीस लिटर पाणी निघायचं. ते फेकायला जीव होईना, म्हणून मी ते झाडांना घातलं. दोन आठवड्यांत गुलाबाच्या आणि संत्र्याच्या पानांच्या कडा करपल्या, जणू कोणी मेणबत्ती फिरवली असावी. मातीवर पांढरी पापडी धरली. मी नखाने खरवडून बघितली आणि कूलरच्या खसाच्या जाळीकडे नजर गेली. तोच थर. उन्हाळ्यात आमच्या इमारतीला बोअरचं पाणी मिसळून येतं, ते जड असतं. कूलरमध्ये हवेत उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. वरून पुन्हा पाणी भरलं की त्यात नवे क्षार येतात. आठ दिवसांनी टाकीत उरतं ते मिठवणी. आरओचं वाया जाणारं पाणीही याच जातीचं. आता ही दोन्ही पाणी आमच्याकडे फरशी धुवायला जातात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र मी बादलीत धरते. ते हवेतल्या बाफेचं झालेलं असतं, त्यात क्षार नसतात. मेच्या कोरड्या हवेत ते थोडंच निघतं, पण जुलैत बादली भरते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर कुंडीत खुपसून पाहिला. दुपारी साडेचारला कठड्याजवळच्या काळ्या कुंडीतल्या मातीचं तापमान ४७ अंश. त्याच रांगेत तुळस मातीच्या कुंडीत होती, तिथे ३७. दहा अंशांचा फरक. काळं प्लास्टिक ऊन पितं, आणि मातीच्या कुंडीच्या अंगातून माठासारखं पाणी झिरपून उडतं, म्हणून ती गार राहते. वर पानं सुकलेली दिसतात म्हणून आपण पाणी ओततो, पण खाली मुळं शिजत असतात.

२५ मेला नवतपा लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो ते हे नऊ दिवस, आणि याच सुमारास, २६ मेच्या आसपास, नागपुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. बाल्कनीला वरच्या मजल्याची स्लॅब आहे, त्यामुळे बाराला उलट सावली असते. खरं ऊन दीडला आत शिरतं आणि मावळेपर्यंत हटत नाही. त्या नऊ दिवसांत संत्रं गेलं. त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. आईंनी कलम उपटून सालीला नख लावलं, आत हिरवं काहीच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, काडी मोडून कचऱ्यात टाकली. मोगरा, तुळस आणि कोरफड एवढीच वाचली. मोगऱ्याला तर त्या उन्हातही कळ्या होत्या.

जूनमध्ये मी सगळं पहिल्यापासून करायचं ठरवलं, पण आधी काहीही विकत आणायचं नाही, असं. एक रविवार मी खडू घेऊन बाल्कनीत बसले. दर तासाला ऊन जिथे संपतं तिथे फरशीवर रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली. संध्याकाळपर्यंत फरशीवर नकाशाच तयार झाला. भिंतीकडचा एक फूटभर पट्टा दुपारी तीनपर्यंत सावलीत राहतो. उत्तरेच्या कोपऱ्यात कूलरच्या आडोशाने ऊन जेमतेम तासभर येतं. कठड्याजवळ साडेपाच तास. डिसेंबरमध्ये हेच पुन्हा केलं तेव्हा रेघा पार बदलल्या होत्या, सूर्य दक्षिणेला सरकल्याने ऊन तिरकं आणि मवाळ येत होतं. कोणाला बाल्कनीत काही लावायचं असेल तर माझं एवढंच म्हणणं असतं: आधी खडू आणा.

वजनाचंही तेव्हाच पाहिलं. भाचा सिव्हिल इंजिनीअर आहे. तो म्हणाला, बाल्कनीचं डिझाइन साधारण एका चौरस मीटरला ३०० किलोच्या हिशेबाने करतात, पण त्यात माणसं, कूलर, सगळं आलं, आणि जड वस्तू टोकाला नको, भिंतीकडे ठेव, मामी. मग मी हिशेब केला. आता कुंड्यांऐवजी झाडं लावायच्या पिशव्या घ्यायच्या मनात होत्या, आणि बारा इंच रुंद, बारा इंच उंच पिशवीत २२ लिटर माती बसते. ओली काळी माती असेल तर एका पिशवीचं वजन ३५ किलोच्या वर जातं. अशा चौदा पिशव्या म्हणजे पाचशे किलो, आणि मी त्या सगळ्या कठड्याला लावून ठेवणार होते! कठड्याच्या बाहेरून कुंड्या अडकवायचा विचारही त्याच दिवशी सोडला. खाली मुलं खेळतात.

मातीचं मिश्रण आईंनी ठरवलं. एक भाग काळी माती, एक भाग जाडी रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन भाग कोकोपीट. कोकोपीटची पाच किलोची वीट टबात भिजवली की फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते. ते दोनदा धुऊन पिळून घ्यावं लागतं, नाहीतर त्यातही क्षार असतात. मिश्रण ओलं करून मुठीत दाबायचं, मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की फुटला पाहिजे. आईंनी तीन वेळा रेती घालायला लावली तेव्हा कुठे तो फुटला. वजन जवळजवळ निम्म्यावर आलं आणि पाणी मधून मुरायला लागलं.

मृगाचा पाऊस झाला आणि आम्ही बी टाकलं. भेंडी, गवार, आंबाडी, कठड्याला चढवायला मायाळू, आणि कूलरच्या सावलीच्या कोपऱ्यात चमकोऱ्याचे, म्हणजे अळूचे, कंद. या वेळी मी फक्त बघत होते. चौथ्या दिवशी गवार वर आली, भेंडी त्याच्या मागे. एप्रिलमध्ये जे मी पाण्याने आणि काळजीने ओढून आणायला बघत होते ते जूनमध्ये आपोआप होत होतं. पोळ्याला चमकोऱ्याच्या पानांच्या वड्या घरच्या पानांच्या झाल्या. पंधराच पानं होती, पण आईंनी त्यातल्या चार वड्या खाली काकूंकडे पाठवल्या.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. ज्या ताटल्या उन्हाळ्यात काकूंच्या वड्या वाचवत होत्या, त्याच आता डासांचं घर झाल्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. महापालिकेची माणसं घरोघर कूलर आणि कुंड्या तपासायला येतात, ती आली तेव्हा आमच्या दोन ताटल्यांत वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या. घरात म्हातारं माणूस असताना हे व्हावं याची मला फार खंत वाटली. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर ताटल्या काढून ठेवते, आणि ज्या ठेवाव्याच लागतात त्या दर रविवारी घासून कोरड्या करते. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी काठाला चिकटलेली असतात.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला, तो साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढला. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि चार थेंब साबण, आठवड्यातून एकदा, तेही ऊन गेल्यावर. याहून जास्त काही कधी लागलं नाही.

नागपुरात बाल्कनीचा खरा हंगाम दसऱ्यानंतर. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर संत्र्याचं कलम कदाचित आज असतं. टोमॅटोचं बी सप्टेंबरात टाकलं, दसऱ्याला रोपं पिशव्यांत लावली, आणि डिसेंबरमध्ये लाल भेदरं तोडली. एप्रिलमध्ये लावलेले टोमॅटो जगले असते तरी त्यांना फळ धरलं नसतं. दिवस पस्तीसच्या वर आणि रात्रीही उबदार असली की टोमॅटोची फुलं गळूनच जातात. मिरचीचं बी काकूंनी दिलं, त्यांच्या माहेरच्या भिवापुरी मिरचीचं, वाळल्या मिरचीतून झटकून काढलेलं.

सांबाराचं, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीचं, मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो बहुतेकांचा उगवत नाही. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात, कवचात जोडलेल्या. आई पोळपाटावर धणे पसरून लाटणं अगदी हलक्या हाताने फिरवतात. आवाज आला पाहिजे, पीठ होता कामा नये. दाण्याचे दोन अर्धे झाले की रात्रभर भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पेरून वर अर्धा इंच माती. ऑक्टोबरच्या शेवटी पेरला तर आठ-दहा दिवसांत दिसतो. उन्हाळ्यात पेरलेला आला तर येतो, पण लगेच दांडा धरून फुलावर जातो. भाज्यांच्या पिशव्या रिकाम्या झाल्या की त्याच मातीत मूठभर शेणखत मिसळून मी पंधरा दिवसांनी पुन्हा सांबार टाकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडे तो विकत आणावा लागत नाही. जानेवारीत सांबारवड्या केल्या, त्यात अर्धा सांबार बाल्कनीतला होता आणि अर्धा गोकुळपेठेच्या बाजारातला. खाताना मला वास वेगळा कळत होता. आई म्हणाल्या, "तुला वाटते." असेल तसं.

लिंबाचं झाड हे आईंचं. पहिल्या जुलैत महाराजबागेच्या रोपवाटिकेतून कागदी लिंबाचं गुटी कलम आणलं. निळा ड्रम अर्धा कापून, बाहेरून पांढरा रंगवून, भिंतीला लागून ठेवला. संत्रं पुन्हा आणू या, असं मी म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "संत्र्याला जमीन लागते बाई, लिंबू तुझ्या ड्रमात राहील." ते राहिलं, वाढलं, पण दीड वर्ष एक फूल नाही. गेल्या डिसेंबरमध्ये त्यांनी मला पाणी बंद करायला सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या बागेत आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा संपतानाच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याला ताण देत, काळ्या जमिनीत महिना-दीड महिना पाणी तोडत. ड्रमात तेवढी माती कुठली? पाचव्या दिवशी पानं मलूल झाली. मला राहवेना. त्या रोज सकाळी येऊन एक पान दोन बोटांत धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही." सातव्या दिवशी काही जुनी पानं पिवळी पडून गळली तेव्हा त्यांनी मातीवर दोन ओंजळी शेणखत पसरलं आणि तांब्याभर पाणी घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन तांबे, तिसऱ्या दिवशी भरपूर. तीन आठवड्यांनी काड्यांच्या टोकांना जांभळट कळ्या दिसल्या. फेब्रुवारीत सकाळी बाल्कनीचं दार उघडलं की हॉलभर वास यायचा.

आता उन्हाळ्याची तयारी होळीपासूनच सुरू होते. कठड्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट, तीही कुंड्यांपासून हातभर दूर बांधलेली, म्हणजे मधून हवा खेळते. प्लास्टिकच्या सगळ्या कुंड्यांना ओलं तरटाचं पोतं गुंडाळलेलं. मातीवर कडुनिंबाच्या वाळल्या पानांचा दोन इंचांचा थर, मार्चमध्ये ती पानं इमारतीच्या आवारात ढिगाने पडतात. पाणी पहाटे साडेपाचला. गेल्या वर्षी नवतपात याच बंदोबस्तावर चौदातली बारा झाडं टिकली, साडेचारच्या थर्मामीटरने ३८ दाखवले. या दिवसांत नवीन काही लावायचं नाही, खत द्यायचं नाही, छाटायचं नाही. फक्त सांभाळायचं.

लिंबाला ढिगाने फुलं आली, त्यातली बहुतेक गळाली, आणि आज एप्रिलच्या १० तारखेला सतरा लिंबं आहेत, बोराएवढी. आई रोज सकाळी मोजतात. काल एक ताटलीत पडलेलं सापडलं, ते त्यांनी उचलून देठाकडून पाहिलं, वास घेतला आणि पदराला पुसून देवघरात ठेवलं. काकू परवा वाळवणाचा मुहूर्त विचारायला वर आल्या होत्या. नेटची एक दोरी सैल झाली आहे, ती संध्याकाळी ऊन उतरलं की बांधायची आहे.